लिनिअर अल्जिब्राची वॅगन

जळगावच्या त्या कॉलेजच्या माहितीपुस्तकात 'लिनिअर अल्जिब्रा' हा पेपर स्थापनेपासून छापलेला होता, आणि स्थापनेपासून तो कुणीही घेतलेला नव्हता. म्हणजे तो कुणाला नको होता असं मात्र नाही. ज्याला विचाराल तो म्हणे, "घ्यायचाय ना. पुढच्या वर्षी." विषय चांगला आहे याबद्दल दुमत नव्हतं. गावातल्या एखाद्या फार सज्जन माणसाबद्दल सगळ्यांना आदर असतो, पण मुक्कामाला त्याच्याकडे कुणी जात नाही. तसं या विषयाचं झालं होतं.

पेपर ज्युनियर बी.एस्सी.ला घेतला तरी चाले, सीनियरला घेतला तरी चाले. ज्युनियरची मुलं म्हणत, आधी वरच्यांना घेऊ दे, त्यांच्या वह्या मिळाल्या की आपण घेऊ. सीनियरची मुलं म्हणत, आता शेवटच्या वर्षी कशाला नसती जोखीम? त्यामुळे वह्या कधीच तयार झाल्या नाहीत. वाट बघण्याची शिस्त तेवढी तयार झाली.

सावद्याचे केळीचे बागाईतदार जीवराम नाना यांचा रतिलाल याच शिस्तीत वाढलेला. पंचावन्न सालच्या जूनमध्ये तो ज्युनियर बी.एस्सी.ला आला आणि पर्यायी पेपर सांगायला ऑफिसच्या खिडकीशी उभा राहिला. हेडक्लार्कनं मान वर न करता विचारलं,

"लिनिअर अल्जिब्रा?"

"पुढच्या वर्षी."

"सीनियरला मुख्य विषय कुठला घेणार?"

"गणित."

हेडक्लार्कनं पहिल्यांदाच मान वर केली. गणित मुख्य घेणारा मुलगा दिसतो तरी कसा, हे त्याला बघायचं असावं.

"मग पुढच्या वर्षी नाही चालायचं. बाकीच्यांना केव्हाही चालतो. गणित मुख्य घ्यायचं असेल तर हा ज्युनियरलाच घ्यावा लागतो. पान उलटून वाचलं असतंस तर दिसलं असतं."

"आणि नाही घेतला तर?"

"तर रसायन."

 गणितावर रतिलालचं प्रेम होतं, आणि ते दोन्ही बाजूंनी होतं. रसायनाचं तसं नव्हतं. आदल्या वर्षी इंटरला असताना त्यानं प्रयोगशाळेत इतकी काच फोडली होती की तो दारात दिसला की तिथला शिपाई चंचुपात्रं कपाटात ठेवून किल्ली खिशात घाली. अशा ठिकाणी पुरं वर्ष काढायचं म्हणजे शिपायाचे आणि याचे, दोघांचेही हाल.

"मग आत्ताच लिहा माझं नाव," तो घाईनं म्हणाला.

"लिहितो की. पण चार मुलं लागतात. चाराच्या खाली वर्ग भरत नाही. आठवड्याची मुदत आहे."

रतिलाल गेला तो सरळ होस्टेलवर. त्याच्या खोलीत धरणगावचा कय्युम आणि धुळ्याचा भटू असे दोघे होते. कय्युम तोंडाला साबण लावून दाढी करत होता. ऐकून घेऊन म्हणाला, "चांगला विषय आहे. पुढच्या वर्षी घेऊ." भटू खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "लेसूत ना. पुढला साल." आणि कुशीवर वळला.

मग रतिलाल अट्रावलकर सरांकडे गेला. गणिताचे हे एकच प्राध्यापक. दिवाणखान्यात झोपाळ्यावर बसले होते.

"लिनिअर अल्जिब्रा! वा!" सर म्हणाले. "फार सुंदर विषय. फारच सुंदर. चार झाले की सांगा हं."

हे वाक्य दर वर्षी बोलून दर वर्षी सुखी राहिलेल्या माणसाचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. झोपाळ्याला त्यांनी पायानं हलकासा रेटा दिला.

शनिवारी रतिलाल सावद्याला गेला. नाना स्टेशनावरच भेटले. दिल्लीला केळी नेणारी वॅगन लागली होती आणि नाना तिच्या दारात उभं राहून आत केळीची पानं कशी अंथरायची यावर हमालांना बोलत होते. हमालांना हे त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं, म्हणून ते ऐकून घेत होते. नानांनी पोराकडे पाहिलं.

"काय झालं रे? तोंड उतरेल दिसते. नापास झाला का?"

"नाना, आत्ता तर कॉलेज उघडलंय."

"मंग आत्तापासून काहून तोंड पाडतो?"

रतिलालनं सगळं सांगितलं. लिनिअर अल्जिब्रा म्हणजे काय, या प्रश्नापाशी नाना जरासुद्धा थांबले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तो माल होता, आणि माल काय आहे यापेक्षा तो हलतो की नाही हे महत्त्वाचं. 'चाराच्या खाली वर्ग भरत नाही' हे ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला.

"म्हनजे वॅगन भरत नाही तुही!"

"तसंच काहीसं."

"अरे, तसंच काहीसं काय? तसंच आहे. तू एकटाच घड खांद्यावर घेऊन स्टेशनावर उभा राह्यला, आन म्हनतो गाडी काहून सुटत नाही!"

आता सावद्याची रीत सांगायला हवी. कुणा एकाच्या एका कापणीत वॅगन भरत नाही, आणि अर्धी वॅगन रेल्वे नेत नाही. म्हणून विळा हातात घ्यायच्या आधी माणूस चार बागाईतदारांच्या ओट्यावर जाऊन बसतो. तुझे इतके घड, माझे इतके घड असं जमवतो. एखाद्याचा माल थोडा कवळा असला तरी त्याला 'पुढच्या खेपेला बघू' म्हणायचं नाही. जागा भरली पाहिजे. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की, वॅगन वाटेत तापली, सडली, दोन दिवस कुठे पडून राहिली, तर नुकसान सगळ्यांचं सारखं. कुणाचा घड चांगला पोचला आणि कुणाचा गेला हे बघायचं नाही. या एका नियमावर सावद्याचे शेजारी एकमेकांशी बोलत राहिले होते.

"मी विचारलं ना पोरांना," रतिलाल म्हणाला. "पुढच्या वर्षी म्हणतात."

"पोरांले काय इचारतो?" नाना म्हणाले. "केयीले कधी इचारलं का कुनी, बाई, तू वॅगनीत चढते का म्हनून? मालकाले इचारावं लागते!"

रतिलालची आई बेबाबाई हिनं रात्रीच दशम्या बांधून ठेवल्या. "लग्न जमवायले निघाले जसे," ती म्हणाली. "टोपी तरी धुतलेली घाला."

सकाळी बापलेक निघाले. पहिला मुक्काम धरणगाव. कय्युमचे वडील सत्तारभाई सरकीचे व्यापारी. त्यांच्या दुकानात सरकीच्या पोत्यांवर बसून नानांनी चहा घेतला, कापसाची चौकशी केली, केळीची माहिती दिली आणि मग हळूच विषयाला हात घातला.

"सत्तारभाई, नवीन माल आहे. जयगावात आजून कोनी हात लावला नाही. पह्यले जाईल त्याची चांदी."

"पण हा जातो कुठं, नाना?"

नानांनी पोराकडे पाहिलं. रतिलाल म्हणाला, "पुण्याला. मुंबईला. परदेशात तर फारच."

"परदेशात!" सत्तारभाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि जोखीम?"

"नुकसान सगळ्यांचं सारखं," नाना सवयीनं बोलून गेले. वॅगन जमवताना हे वाक्य आपोआप तोंडात येतं.

रतिलालनं ते ऐकलं. त्याला वाटलं, नानांना अडवावं. पण सत्तारभाईंनी तेवढ्यात मान डोलावली होती, आणि डोलणारी मान अडवायची नसते एवढं तो बागाईतदाराचा मुलगा असल्यामुळे जाणून होता.

तिथून एस.टी.नं धुळं. भटूचे वडील पुना आबा यांची तेलाची घाणी. घाणीच्या आवाजात दोघं म्हातारे एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलले. एक सावद्याच्या बोलीत, दुसरा धुळ्याच्या. तरी व्यवहार व्हायला अडचण आली नाही.

"मन्हा पोऱ्या हुशार शे," पुना आबा ओरडले. "पण झोपस भलता."

"गाडीत झोपला तरी चालीन," नाना ओरडले. "गाडीत बसला पाह्यजे!"

"नुकसान झायं तं?"

"सगळ्यांचं सारखं!"

तीन झाले. चौथं कोण, म्हणून बापलेक पाचोऱ्याला उतरले. तिथे कापडदुकानदार रुपचंदशेठ यांची सुगंधा रतिलालच्याच वर्गात होती. पहिल्या बाकावर एकटी बसे. तिच्याशी बोलण्याचं धाडस मुलांना अजून झालं नव्हतं. तेही बहुधा पुढच्या वर्षी होणार होतं. नानांनी दुकानात गादीवर बसून सुरुवात केली, "शेठ, नवीन माल आहे..." पण शेठनी हात वर केला.

"मला काय विचारता नाना? शिकणार ती. तिलाच विचारा."

नानांच्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं.  सुगंधा आतून पाण्याचे पेले घेऊन आली. काय चाललंय ते तिनं ऐकलं होतं.

"मी तर पहिल्याच दिवशी नाव दिलंय," ती म्हणाली. "क्लार्क म्हणाले, एकट्यानं वर्ग होत नाही."

"मग ते मला बोलले नाहीत!" रतिलाल म्हणाला.

"तुम्ही विचारलंत का?"

रतिलालनं पाणी प्यायला सुरुवात केली आणि पेला रिकामा झाल्यावरही बराच वेळ पीत राहिला.

चार झाले, ही बातमी सरांना रतिलालनंच दिली. झोपाळा थांबला. सर उठून आत गेले आणि खाकी कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक घेऊन आले. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

"तसं मी हे वाचणारच होतो," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी."

वर्ग भरला. पहिले दोन महिने सर सगळ्यांच्या पुढे एका प्रकरणानं होते. नंतर ते अंतर एका पानावर आलं. सुगंधा प्रश्न विचारी. सर म्हणत, "उत्तम प्रश्न. उद्या बघू," आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी डोळे लाल करून, उत्तर घेऊन येत. रतिलालला तर या विषयात भलतीच गोडी वाटायला लागली. ढीगभर समीकरणं चौकटीत नीट मांडून ठेवायची, आणि मग ओळीतून ओळ वजा करत करत त्यातला गोंधळ कमी होत जाताना बघायचा. रसायनात असं कधी झालं नव्हतं. तिथे तो हात लावी तसा गोंधळ वाढत जाई.

दिवाळीच्या आधी सहामाही झाली. रतिलालला ब्याऐंशी. सुगंधाला एकोणऐंशी. कय्युमला एकतीस. भटूला अठरा. "पुष्कळ शेतस," भटू म्हणाला. "मी नऊ धरेल व्हतात."

सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पुना आबा आणि सत्तारभाई आपापल्या पोरांना घेऊन सावद्याला नानांच्या ओट्यावर हजर झाले. चहा झाला. केळी झाली. मग पुना आबांनी घसा साफ केला.

"नाना, धुळाले मन्हा घाणीवर तुम्ही काय सांगेल व्हतं?"

"काय सांगेल व्हतं?"

"नुकसान बठ्ठासनं सारखं."

"व्हय. सांगेल व्हतं."

"तुम्हना पोऱ्याले ब्याऐंशी. मन्हा पोऱ्याले अठरा. मंग आते वाटा करा."

सत्तारभाईंनी खिशातून कागद काढला नाही. त्यांचा हिशेब तोंडी झालेला होता. "तिघांचे मिळून एकशे एकतीस. माणशी त्रेचाळीस आणि वर थोडे. पासाला पस्तीस लागतात. तिघं पास होतात, नाना. कुणाचंच नुकसान नाही."

रतिलाल हसणार होता, पण त्यानं नानांकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. नाना विचारात पडले होते. हिशेब चुकलेला नव्हता. शब्द दिलेला होता. सावद्यात या शब्दावर आख्ख्या वॅगनी दिल्लीला जात होत्या.

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "रत्या, दे वाटून."

"नाना! मार्क असे देता येत नाहीत!"

"काहून? तुहे आहेत ना?"

 शेवटी सगळे मिळून भुसावळमार्गे जळगावला सरांकडे गेले. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कागदावर बेरीज केली आणि तिनानं भागलं.

"गणित बिनचूक आहे," ते म्हणाले. "पण विद्यापीठ वॅगन बघत नाही. घड बघतं. एकेक घड उलटून पालटून."

"मग आमचं ठरलेलं?" सत्तारभाई म्हणाले.

"ते मोडलं असं धरा."

"मंग पोऱ्याले काढी लेसू," पुना आबा म्हणाले. "पेपर बदलाले आजून टाइम शे. ऑफिसवालानी सांगं."

रतिलालला एकदम सगळं दिसलं. भटू गेला, कय्युम गेला, की राहतात दोन. दोघांचा वर्ग भरत नाही. वर्ग बंद म्हणजे मुख्य गणित बंद. प्रयोगशाळेचा तो शिपाई, ती किल्ली, त्या फुटणाऱ्या नळ्या. आणि या ओट्यावरून त्या ओट्यावर फिरून नानांनी जमवलेला सगळा प्रपंच पाण्यात.

"आबा, थांबा," तो म्हणाला. "नुकसान वाटूनच घ्यायचं ना? मार्क वाटता येत नाहीत, पण ज्यानं ते मार्क पडतात ते वाटता येतं. मी सुट्टी देतो. सगळी. दोघांनी सावद्याला यायचं, आमच्या शेडमध्ये बसायचं. वार्षिकला पास झाले नाहीत तर मी रसायन घेतो."

"त्यामा आमना काय फायदा?" पुना आबांनी रास्त शंका काढली.

"फायदा नाही," रतिलाल म्हणाला. "पण माझं नुकसान फार मोठं आहे."

हे पुना आबांना पटलं. समोरच्याचं नुकसान नक्की आहे म्हटल्यावर व्यापाऱ्याचा विश्वास बसतो. निघता निघता सर हळूच रतिलालच्या जवळ आले. "मीही येऊ का शेडमध्ये?" त्यांनी विचारलं. "पुढची तीन प्रकरणं माझीही राहिलीत."

सुट्टीभर स्टेशनाजवळच्या नानांच्या शेडमध्ये वर्ग भरला. भिंतीवर कोळशानं समीकरणं लिहायची आणि चुकलं की केळीच्या पानानं पुसायची. हमाल येता जाता बघत. आठवडाभरात त्यांच्यातला एक जण "आज काल्हच्यापेक्षा कमी पुसलं" अशी नोंद करू लागला. सुगंधा वडिलांबरोबर दोनदा येऊन गेली. तिला गरज नव्हती. सरांच्या एका उत्तरात चूक सापडली होती, ती सांगायला आली होती.

भटूची गाडी एकाच जागी अडली होती. चार समीकरणं दिसतात, पण त्यातलं एक बाकीच्यांच्या बेरजेतून आलेलं असतं, म्हणून त्याची मोजदाद करायची नाही. हे त्याच्या गळी उतरेना. "दिखी राह्यनं ना समोर?" तो म्हणे. "मंग मोजानं कसं नही?"

कय्युम चिडला. "तू सरांना दाखवतोस तो गृहपाठ आठव. तुझा काय असतो? थोडा रत्याचा, थोडा माझा. वर्गात आपण चार दिसतो. सर किती मोजतात?"

भटूनं भिंतीवरची समीकरणं बोटानं एकेक मोजली आणि चौथ्यावर बोट ठेवलं. मग हळूहळू त्याचा चेहरा फाकला.

"म्हणजे ते समीकरण मी शे!"

"हां!"

"आसं आधीच सांगानं व्हतं ना!"

सर टाळी वाजवून उठले आणि हमालांनाही ते सांगायला गेले. त्या दिवशी भटू झोपेतून उठला. आपण मोजले जात नाही हे गणितानं सिद्ध झाल्यावर त्याला ते सहन झालं नाही. बेबाबाईनं शेडच्या मागे कपाशीच्या वाळल्या काट्यांवर वांगी भाजून भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या केल्या. वाढताना म्हणाली, "कोनता इषय शिकता रे बाबांनो? तोंडं तर काजयानं माखली. इंजिनात कोयसा टाकाचं शिकून राह्यले का?"

"लिनिअर अल्जिब्रा, आई," सर अदबीनं म्हणाले.

"असो. जेवा."

उन्हाळ्यात वार्षिक परीक्षा झाली आणि निकाल लागला. भटूला एकेचाळीस, कय्युमला अठ्ठावन्न. सुगंधाला एक्क्याण्णव. रतिलालला चौसष्ट. दुसऱ्यांना शिकवताना त्याचं स्वतःचं शेवटचं प्रकरण राहून गेलं होतं, आणि परीक्षेत नेमकं तेच आलं. आकडा बघून त्याला क्षणभर चुटपुट लागली. ब्याऐंशीवरून चौसष्ट. मग त्याला जाणवलं की मुख्य गणिताला चौसष्ट पुरतात, आणि रसायनाच्या शिपायाला आता किल्ली बाहेर ठेवता येईल. त्या दिवशी त्यानं तिघांना शेवभाजी खाऊ घातली.

नानांना निकाल सांगितला तेव्हा ते बागेत पाणी वळवत होते. त्यांनी ब्याऐंशी आठवून चौसष्ट ऐकले, खालच्या दोघांचे आकडे ऐकले, आणि फावड्यावर रेलून म्हणाले,

"म्हनजे वाटले ना शेवटी?"

 सरांनी, विद्यापीठानं, सगळ्यांनी अशक्य म्हटलेली गोष्ट झाली होती खरी.

जूनमध्ये तो पुन्हा ऑफिसच्या खिडकीशी उभा राहिला.

"मुख्य विषय?" हेडक्लार्कनं मान वर न करता विचारलं.

"गणित."

"मुख्य गणिताच्या वर्गालाही चार लागतात. पान उलटून वाचलं का?"

"वाचलंय," मागून सुगंधाचा आवाज आला. "माझं लिहा. मुख्य गणित."

"माझंही," कय्युम म्हणाला. त्याच्या बापाला या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

तीन झाले. तिघांनी वळून भटूकडे बघितलं. भटू खांबाला टेकून जांभई देत होता.

"मी?" तो म्हणाला. "लेसू ना. पुढला साल."

हेडक्लार्कनं मान वर केली. "सीनियरनंतर पुढचं वर्ष नसतं रे बाबा."

भटूची जांभई अर्ध्यावर थांबली. त्यानं खांब सोडला आणि खिडकीशी आला.

"हाई आमले कोणी सांगंच नही," तो म्हणाला. "मंग लिखा."

हेडक्लार्कनं लिहिलं. बातमी सांगायला रतिलाल धावतच सरांच्या घरी गेला. दार उघडंच होतं. झोपाळा रिकामा होता, आणि सर मेजाशी बसून एका नव्या जाड पुस्तकाची चिकटलेली पानं, आत्ताच, या वर्षी, सुरीनं सोडवत होते.